कोकणातून स्वस्तात मल्टी-सिटी विमानप्रवास करताय? तिकीट काढायच्या आधी एवढं वाचा

मागच्या मार्चमध्ये आई, मावशी आणि मी अशा तिघी काशीला जाऊन आलो. गोव्यातल्या मोपाहून हैदराबाद, तिथून वाराणसी, मग वाराणसी ते दिल्ली आणि दिल्लीहून परत मोपा. सगळी तिकिटं स्वस्तातली, तुकड्या-तुकड्यांनी काढलेली. दर्शन छान झालं, पण जाताना हैदराबादला पुढचं विमान चुकलं, रात्र तिथेच काढावी लागली आणि खिशाला जबर फटका बसला. परत आल्यापासून ओळखीतल्या सात-आठ जणांनी तरी विचारलं की आम्हालाही जायचंय, कसं बुक करायचं. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढते.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. आपल्याकडे विमान प्रवाशांसाठी नियम आहेत आणि ते बरेच चांगलेही आहेत, पण ते एकेका तिकिटाला धरून आहेत, तुमच्या अख्ख्या ट्रिपला धरून नाहीत. दोन तिकिटांच्या मधे जी फट राहते ती तुमची तुम्हाला सांभाळावी लागते.

१. आधी कुठला विमानतळ ते नक्की करा

वेबसाइटवर 'गोवा' टाकलं की दोन विमानतळांची विमानं एकत्र दिसतात. जुना दाबोळी म्हणजे जीओआय आणि २०२३ च्या जानेवारीत सुरू झालेला मोपा म्हणजे जीओएक्स. सावंतवाडी-बांद्याकडच्या माणसाला मोपा पाऊण-एक तासावर, दाबोळीला मात्र मांडवी आणि जुवारी दोन्ही पूल ओलांडून जायला लागतं, ट्रॅफिक असेल तर अडीच तास धरा. जाताना मोपा आणि येताना दाबोळी असं तिकीट निघालं आणि तुमची गाडी मोपाच्या पार्किंगमध्ये असली तर काय होईल ते बघा.

मुंबईचंही आता तसंच झालंय. नवी मुंबईचा विमानतळ २०२५ च्या डिसेंबरपासून सुरू आहे, त्याचा कोड एनएमआय, आणि जुन्या मुंबईचा बीओएम. रायगडवाल्यांना आणि पनवेलला उतरणाऱ्यांना नवी मुंबई सोयीची, पण एक विमान नवी मुंबईला उतरणारं आणि पुढचं अंधेरीच्या टी-२ वरून सुटणारं असं जोडलंत तर मधे अख्खं शहर आहे. म्हणून शहराचं नाव वाचून थांबू नका, तीन अक्षरी कोड आणि टर्मिनल वाचा. दिल्लीतही टी-२ आणि टी-३ शेजारी-शेजारी आहेत पण टी-१ लांब आहे.

चिपीचं विमान मिळालं तर सिंधुदुर्गवाल्यांसाठी सगळ्यात जवळचं, फक्त तिथली वेळापत्रकं सारखी बदलतात, त्यामुळे मल्टी-सिटीची पहिली कडी चिपीवर ठेवताना मागेपुढे एक दिवस मोकळा ठेवा. रत्नागिरीकरांनी आंबा घाटातून कोल्हापूर आणि सावंतवाडीकरांनी आंबोलीतून बेळगाव हे पर्यायही एकदा तपासून बघावेत, कधी कधी तिथून भाडं बरंच कमी लागतं.

२. घर ते विमानतळ हा पण प्रवासच आहे

हे आपण कोकणातले लोक नेहमी विसरतो. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या हळू चालवतात, कधी दरड येते कधी रुळावर पाणी येतं. जून ते ऑक्टोबरमध्ये सकाळी गाडीने पनवेलला उतरून दुपारचं विमान पकडायचं असला हिशोब अजिबात करू नका, आदल्या दिवशी पोचा. गणपतीत तर गाडीचं कन्फर्म तिकीट हातात आल्याशिवाय विमानाचं तिकीट काढू नका, वेटिंग क्लिअर होईल या भरवशावर तर मुळीच नाही.

येताना विमान रात्री नऊ-दहानंतर उतरणार असेल तर गावातल्या एखाद्या गाडीवाल्याला आधीच सांगून ठेवा. त्या वेळेला एसटी मिळत नाही आणि राज्य ओलांडून सिंधुदुर्गात यायचं म्हटल्यावर टॅक्सीवाले वाटेल तो दर सांगतात.

३. पीएनआर किती आहेत ते मोजा (सगळ्यात महत्त्वाचं)

पीएनआर म्हणजे तिकिटाचा बुकिंग नंबर. मी इथेच चुकले, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मोपा ते वाराणसी व्हाया हैदराबाद असं एका पीएनआरवरचं तिकीट होतं. तीच विमानं सुटी सुटी घेतली तर माणशी १,९०० रुपये कमी पडत होते. कंपनी एकच, विमानं तीच, मग जास्त पैसे का द्यायचे असं मला वाटलं आणि मी सुटी तिकिटं काढून घेतली. तिघींचे ५,७०० वाचले म्हणून मी खूश होते.

फरक काय असतो बघा. एका पीएनआरवर जोडलेलं विमान असेल आणि पहिल्याला उशीर झाला तर तुम्हाला पुढे पोचवायची जबाबदारी एअरलाइनवर राहते आणि बॅगही सहसा थेट शेवटच्या गावाला टॅग होते. दोन पीएनआर असतील तर एअरलाइनच्या लेखी ते दोन वेगळे प्रवासी, दोन्ही विमानं त्यांचीच असली तरी. पहिलं चार तास उशिरा पोचलं आणि दुसरं निघून गेलं तर दुसऱ्या तिकिटावर तुम्ही 'नो-शो' म्हणजे आलाच नाहीत. हैदराबादच्या काउंटरवर मी दोन्ही बोर्डिंग पास दाखवत होते, लेट झालेलं विमान तुमचंच होतं म्हणून सांगत होते, आणि समोरची मुलगी स्क्रीनवरची नजर न काढता एकच वाक्य बोलत होती, "मॅडम, ये अलग पीएनआर है." मी सुपरवायझरला बोलवा म्हटलं, तो आला, त्यानेही तेच सांगितलं आणि नवीन तिकिटाचा दर सांगितला. आई मागे व्हीलचेअरवर बसलेली, मांडीवर पिशवी घट्ट धरून, "गो, आता दर्शनाचा काय?" एवढंच तिने विचारलं. त्यावर मला काहीच बोलता आलं नाही.

दुसऱ्या दिवशीची नवी तिकिटं ६,१५० प्रमाणे १८,४५०, हॉटेल ३,२००, टॅक्सी १,१००. एकूण २२,७५० रुपये, ५,७०० वाचवायच्या नादात.

आता सापळे:

- वेबसाइटवर 'मल्टी-सिटी' बटण दाबून बुक केलं म्हणजे एक पीएनआर मिळतोच असं नाही. बुकिंगच्या साइट वेगवेगळ्या कंपन्यांची विमानं जोडून एकच बिल दाखवतात आणि आत पीएनआर दोन-तीन असतात. पैसे भरायच्या आधी 'सेल्फ ट्रान्सफर' (म्हणजे मधे विमान बदलायची जबाबदारी तुमची) असं काही बारीक अक्षरात लिहिलंय का ते शोधा.
- एका पीएनआरवर सगळं असेल तर मधलं एक विमान स्वतःहून सोडू नका. एक टप्पा चुकवला की पुढचे टप्पे आपोआप रद्द होऊ शकतात. हैदराबादला काका राहतात तिथूनच चढतो असं ठरवायचं असेल तर एअरलाइनला आधी विचारा आणि लेखी घ्या.
- जिथे तुम्ही दोन-तीन दिवस राहणारच आहात तिथे वेगळी तिकिटं घ्यायला काही हरकत नाही. आमचं वाराणसी–दिल्ली आणि दिल्ली–मोपा वेगळं होतं, मधे दोन मुक्काम होते, काही अडलं नाही. एका दिवसात विमान बदलायचं असेल तिथे मात्र एकच पीएनआर, थोडे पैसे जास्त गेले तरी.

४. बुकिंगमध्ये मोबाइल नंबर स्वतःचाच द्या

बाजारपेठेतल्या एजंटकडून तिकीट काढलंत तर तो बहुतेक वेळा स्वतःचा नंबर आणि स्वतःचा ईमेल टाकतो. आमच्या विमानाची वेळ बदलल्याचा मेसेज आदल्या संध्याकाळी आला होता, पण एजंटच्या फोनवर, आणि तो मालवणला लग्नात होता. त्याने सकाळी आठला फोन केला तेव्हा आम्ही घर सोडून मोपाच्या वाटेला लागलो होतो. संध्याकाळीच कळलं असतं तर रात्रीच एअरलाइनशी बोलून दुसरं काहीतरी करता आलं असतं.

यात नियमाचाही भाग आहे. बुकिंग करताना संपर्काची नीट माहिती दिली नसेल तर विमान रद्द झाल्यावर मिळणारी भरपाई एअरलाइन नाकारू शकते, डीजीसीए म्हणजे विमानसेवेवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था, तिच्या नियमात तसं लिहिलेलं आहे. तेव्हा एजंटसमोर बसूनच नंबर वाचून घ्या. आणि एअरलाइनच्या वेबसाइटवर पीएनआर टाकून आदल्या दिवशी सकाळी, संध्याकाळी आणि निघायच्या आधी अशी तीन वेळा वेळ बघा.

नावाचंही तिथेच तपासा. आधारवर असेल तसंच नाव तिकिटावर हवं. आपल्या आयांचं आधारवर एक, बँकेत दुसरं, माहेरचं तिसरंच असतं. माझ्या मावशीचं आडनाव एजंटने एक अक्षर चुकवलेलं, ते लगेच सांगितल्यामुळे दुरुस्त झालं.

५. मधला वेळ किती ठेवायचा

सुटी तिकिटं घ्यावीच लागली तर हिशोब असा करा: विमान उतरून बाहेर यायला वीस मिनिटं, बॅग यायला अर्धा तास, परत डिपार्चरला जायला पंधरा मिनिटं, शिवाय चेक-इन काउंटर सुटायच्या साधारण ६० मिनिटं आधी बंद होतो. म्हणजे सगळं वेळेवर असलं तरी दोन तास असेच गेले. त्यात पहिल्याला दोन तास उशीर धरा. आम्ही सव्वातीन तास ठेवले होते आणि मला ते पुष्कळ वाटले होते. आता मी पाच तासांच्या खाली जात नाही, आणि बरोबर वयस्कर माणूस असेल तर सरळ मधे एक मुक्काम टाकते. शक्यतो दिवसाचं पहिलं विमान घ्या, उशीर दिवसभर साचत जातो आणि संध्याकाळच्या विमानाला तो सगळा भोगावा लागतो. डिसेंबर-जानेवारीत दिल्ली आणि वाराणसीला धुकं असतं, तेव्हा तर जास्तच.

गुडघे दुखणारं कोणी असेल तर व्हीलचेअर दोन दिवस आधी नोंदवा.

६. सामान

देशातल्या बहुतेक स्वस्त तिकिटांवर १५ किलो चेक-इन आणि ७ किलो हातातलं एवढंच असतं. काही सेलच्या तिकिटांवर चेक-इन नसतंच, ते वाचून घ्या. काउंटरवर किलोमागे घेतात ते दर घरबसल्या आधी भरण्यापेक्षा बरेच जास्त असतात, म्हणून निघायच्या आधी घरी वजनकाट्यावर बॅग लावा. वेगवेगळ्या कंपन्यांची तिकिटं असतील तर ज्याची मर्यादा सगळ्यात कमी त्याच्या हिशोबाने भरा.

आपल्या कोकणी पिशवीबद्दल वेगळं सांगते:

- सुकं खोबरं: २०२२ पासून चेक-इन बॅगेत बंद आहे, त्यात तेल असतं आणि ते पेट घेऊ शकतं म्हणून. आईने परड्यातल्या माडाचं खोबरं वाळवून विश्वनाथासाठी मुद्दाम नेलं होतं. मोपाला स्कॅनरवर बॅग बाजूला काढली, आम्हाला बोलावलं आणि साडीत गुंडाळलेल्या त्या वाट्या एकेक करून बाहेर काढून टेबलावर ठेवल्या. आई त्या माणसाला समजावत होती की पूजेच्या आहेत म्हणून. त्याचंही काही चुकत नव्हतं. पण हे मला आधी माहीत असतं तर तिला तिथे तसं उभं राहायला लागलं नसतं. अख्खा नारळही हातातल्या बॅगेत सोडत नाहीत.
- लोणचं, कोकमाचं आगळ, तेल: हातात नको, चेक-इनमध्ये, झाकणाला टेप लावून दोन प्लास्टिक पिशव्यांत.
- सुके बांगडे, जवळा: वासामुळे अडवतात, एअरलाइनला विचारल्याशिवाय नेऊ नका.
- आंब्याची पेटी: चालते, पण ती १५ किलोत धरतात आणि लाकडी पेटीपेक्षा पुठ्ठ्याची बरी.
- पॉवर बँक: नेहमी हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये कधीच नाही.

७. जवळ काय काय ठेवायचं

सगळ्यांची मूळ आधार कार्डं, सगळ्या पीएनआरचे प्रिंट (फोन बंद पडला तर तेवढेच उपयोगी), हॉटेलचं बुकिंग, बॅगेचे टॅग, औषधं हातातल्या बॅगेत दोन दिवस पुरतील एवढी, आणि दहा-पंधरा हजार रुपये किंवा तेवढी लिमिट असलेलं कार्ड. एका कोऱ्या वहीच्या पानावर सगळ्या विमानांचे नंबर, वेळा, टर्मिनल ओळीने लिहून आईच्या पर्समध्ये ठेवा. चुकामूक झाली तर ते कोणालाही दाखवता येतं.

वेब चेक-इन करताना पैसे लागणाऱ्या सीटवर आपोआप टिक आलेली असते ती काढा, खाली फुकट सीटचा पर्याय असतो, जरा शोधायला लागतो.

८. उशीर झाला किंवा विमान रद्द झालं तर काय मागायचं

काउंटरवर जाऊन भांडून काही होत नाही, नेमकं काय मिळतं ते माहीत असलं की मात्र होतं. डीजीसीएचे नियम साधारण असे:

- अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाच्या विमानाला २ तास किंवा जास्त उशीर झाला की खाणंपिणं फुकट द्यायला हवं. अडीच ते पाच तासांच्या प्रवासाला ही मर्यादा ३ तास आहे.
- ६ तासांपेक्षा जास्त उशीर असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, निवड तुमची.
- २४ तासांपेक्षा जास्त उशीर असेल तर हॉटेल. रात्री ८ ते पहाटे ३ मधे सुटणाऱ्या विमानाला ६ तासांपेक्षा जास्त उशीर झाला तरी हॉटेल.
- विमान रद्द झालं आणि २४ तास आधी कळवलं नाही तर दुसरं विमान किंवा रिफंड, शिवाय भरपाई. १ तासापर्यंतच्या प्रवासाला ५,००० पर्यंत, १ ते २ तासांना ७,५०० पर्यंत, त्याहून जास्तला १०,००० पर्यंत. मूळ भाडं अधिक इंधन आकार याच्यापेक्षा कमी असेल तर तेवढंच.
- जागा नाही म्हणून विमानात घेतलंच नाही आणि तासाभरात सुटणारं दुसरं विमान दिलं नाही, तर २४ तासांच्या आतलं विमान दिलं तरी मूळ भाडं अधिक इंधन आकार याच्या दुप्पट, १०,००० पर्यंत. त्याहून उशिराचं दिलं तर चौपट, २०,००० पर्यंत.

खराब हवामान, संप, विमानतळ बंद अशा एअरलाइनच्या हातात नसलेल्या कारणांना भरपाई नाही. म्हणून कारण लेखी घेणं फार गरजेचं. आम्हाला मोपाला 'ऑपरेशनल' सांगितलं, हैदराबादला 'वेदर', आणि त्या दिवशी मोपाला लख्ख ऊन होतं.

आमचा उशीर चार तास वीस मिनिटं. म्हणजे वरच्या यादीतलं फक्त खाणं. तेही मागितल्यावर मिळालं, एक थंड सँडविच आणि ज्यूसचा डबा, मावशीचा उपास होता तर तिला केळं तरी द्या म्हटलं, ते काही मिळालं नाही. माणसं वाईट नव्हती, पण तीनशे प्रवासी असल्यासारखी गर्दी आणि काउंटरवर दोन मुली, कोणालाच कोणाचं ऐकायला वेळ नव्हता.

तिथल्या तिथे हे करा: बोर्डाचा फोटो वेळ दिसेल असा, डिले सर्टिफिकेट मागा, सगळे मेसेज ठेवा, बोर्डिंग पास फेकू नका. बॅग फाटली किंवा आली नाही तर विमानतळाबाहेर पडायच्या आधी पीआयआर म्हणजे बॅगेच्या तक्रारीचा फॉर्म भरा, एकदा बाहेर आलात की कोणी दाद देत नाही. आणि घाईत गुगलवर कस्टमर केअर शोधून मिळालेल्या नंबरवर फोन करू नका, तिथे फसवणारे बसलेले असतात. नंबर एअरलाइनच्या स्वतःच्या वेबसाइटवरून किंवा ॲपमधूनच घ्या आणि रिफंडसाठी कोणी ओटीपी मागितला तर फोन ठेवून द्या.

९. घरी आल्यावर तक्रार

क्रमाने जा. आधी एअरलाइनला ईमेल. उत्तर पटलं नाही तर त्यांच्या नोडल ऑफिसरला आणि मग अपिलेट ऑथॉरिटीला, ही नावं त्यांच्या वेबसाइटवर असतात. मग नागरी विमान मंत्रालयाच्या 'एअरसेवा' ॲपवर किंवा पोर्टलवर. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. तरीही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही जिथे राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते, मुंबई-दिल्लीला जायची गरज नाही, दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मुदत २ वर्षांची, आणि ऑनलाइन दाखल करायला ई-जागृती पोर्टल आहे.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. विमान चुकलं, तिकीट नॉन-रिफंडेबल, तरीसुद्धा न वापरलेल्या तिकिटातले सरकारी कर आणि विमानतळाचे यूडीएफसारखे आकार परत मिळतात. मागावे लागतात एवढंच. आणि रिफंड पैशातच घ्या, 'क्रेडिट शेल'मध्ये (म्हणजे पुढच्या तिकिटासाठी एअरलाइनकडेच) ठेवायचं की नाही हे ठरवायचा हक्क तुमचा. एजंटकडून तिकीट असलं तरी रिफंडची जबाबदारी एअरलाइनचीच, एजंटच्या मागे फिरत बसू नका.

मी पाठवलेला ईमेल साधारण असा होता, तुमचे तपशील टाकून वापरा:

"पीएनआर (नंबर), प्रवासी तीन, हैदराबाद ते वाराणसी, तारीख (अमुक). याच दिवशी आपलंच मोपा–हैदराबाद विमान, पीएनआर (नंबर), ४ तास २० मिनिटं उशिरा आल्यामुळे आम्ही हे विमान घेऊ शकलो नाही. उशिराचं कारण मोपा आणि हैदराबाद येथे वेगवेगळं सांगण्यात आलं, ते लेखी कळवावं. न वापरलेल्या तिन्ही तिकिटांवरील सर्व वैधानिक कर आणि विमानतळ आकार मूळ खात्यात जमा करावेत. डिले सर्टिफिकेट, बोर्डिंग पास आणि फोटो सोबत जोडले आहेत."

पहिल्या ईमेलला नुसती दिलगिरी आली. दुसऱ्याला उत्तरच नाही. एअरसेवावर टाकल्यावर मात्र अकराव्या दिवशी २,५८० रुपये खात्यात आले. उशिराचं कारण अजून लेखी मिळालेलं नाही, त्यासाठी अपिलेट ऑथॉरिटीला लिहिलंय.